खलबत्त्यातली वेलची आणि मावा केक

प्रश्न : गेली दोन वर्षे मी घरी केक आणि नानकटाई करते आहे. परवा मावा केक करायला घेतला आणि वेलचीची विकतची पूड संपलेली. मग माळ्यावरचा आजेसासूबाईंचा पितळी खलबत्ता काढला, सात-आठ वेलच्या सोलून कुटल्या आणि घातल्या. बाकी कृती, माप, ओव्हन सगळे नेहमीचेच. तरी घरातल्या प्रत्येकाने विचारले, 'आज वेगळे काय घातलेस?' वेलची तीच, मग एवढा फरक का पडावा? हे हाताने कुटण्यामुळे होते की ताजेपणामुळे? मिक्सरवर तसेच होईल का? आणि दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ हे सगळेच असे घरी कुटून घ्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या घरच्यांची जीभ चांगली आहे. फरक खरोखरच पडतो आणि त्याची कारणे सांगता येतात. तुम्ही नेमके विचारले आहे की हे श्रेय हाताचे की ताजेपणाचे. आधी निकाल सांगतो, मग कारणे. श्रेय ताजेपणाचे. पण सात-आठ वेलच्यांचा ताजेपणा मिळवायचा तर खलबत्त्यासारखे दुसरे साधन नाही, म्हणून हाताचेही श्रेय आहेच.

सुगंध म्हणजे उडून चाललेले तेल

वेलचीच्या दाण्यात, लवंगेच्या कळीत, दालचिनीच्या सालीत अतिशय बारीक तेलाच्या पेशी असतात. त्यांतले तेल आपल्या गोडेतेलासारखे नसते. ते साध्या हवेतही उडून जाते. उडून नाकापर्यंत पोचते म्हणून तर आपल्याला वास येतो. वेलचीच्या तेलात दोन घटक मुख्य असतात. एक सिनिऑल, निलगिरीच्या तेलात असतो तोच, वेलचीचा गार, नाक मोकळे करणारा वास त्याचा. दुसरा टर्पिनिल अ‍ॅसिटेट, गोडसर फुलासारख्या वासाचा. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असते, लवंगेत युजेनॉल.

दाणा अख्खा असतो तोवर हे तेल आपापल्या पेशीत बंद असते, आणि वेलचीला तर वरून टरफलाचेही पांघरूण असते. कुटले की पेशी फुटतात, एका दाण्याचे शेकडो कण होतात आणि प्रत्येक कणाच्या चारी बाजूंनी तेलाला वाट मिळते. त्याच वाटेने हवाही आत शिरते आणि उरलेल्या तेलाचा वास हळूहळू बदलत जातो. हलके, चटकन उडणारे घटक आधी जातात, जड मागे राहतात. म्हणून जुन्या पुडीचा वास नुसता कमी झालेला नसतो, तो एकसुरी झालेला असतो. वेलची आहे एवढे कळते, पण तिचा तजेला गेलेला असतो.

विकतची पूड कारखान्यात दळली जाते, पाकिटात भरली जाते, गोदामात राहते, दुकानात राहते, मग आपल्या डब्यात येते. आपण डबा उघडतो, दरवळ येतो आणि आपण खूश होतो. पण तो दरवळ म्हणजे डब्यातून कमी झालेला सुगंध. कुटताना स्वयंपाकघरात जो घमघमाट सुटतो, तोही केकमधून वजा झालेलाच असतो. ही एक गोष्ट मनात पक्की धरली की पुढचे सगळे नियम आपोआप सुचतात. मसाला फोडायचा तो शक्य तितका उशिरा, आणि फोडल्यावर तेल उडून जायच्या आत ते साखरेत, लोण्यात किंवा दुधात पकडायचे.

मिक्सर की खलबत्ता?

मिक्सरचा दोष सांगताना बहुतेक जण उष्णतेकडे बोट दाखवतात. मोठ्या गिरणीत ते खरे आहे. तिथे सतत दळताना मसाला चांगलाच तापतो आणि तेल उडते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने अतिथंड द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने मसाले गार ठेवून दळण्यावर काम केले, ते याच कारणाने. पण घरचा मिक्सर पंधरा-वीस सेकंद फिरवला तर फारसे काही तापत नाही. तिथली खरी अडचण वेगळी आहे. आठ वेलच्यांचे दाणे मिक्सरच्या भांड्यात पात्यांना सापडतच नाहीत. ते भिंतीवर आपटत फिरतात, निम्मे भरड राहतात, निम्म्यांचे पीठ होते आणि ते झाकणाला चिकटून बसते. म्हणून आपण काय करतो, पात्यांना सापडावे म्हणून पन्नास ग्रॅम वेलची घालतो आणि महिनोन् महिने पुरेल एवढी पूड करून ठेवतो. म्हणजे पुन्हा विकतच्या पुडीपाशीच आलो.

खलबत्त्यात चार वेलच्याही कुटता येतात. थोडे करणे हीच त्याची खुबी. शिवाय कण किती बारीक ठेवायचा ते आपल्या मनगटाला कळते. दिवाळीत तीन किलोची नानकटाई करायची असेल तर मात्र खुशाल मिक्सर वापरा. वेलचीदाण्यांबरोबर कृतीतलीच थोडी साखर घाला, थांबत थांबत फिरवा आणि पूड खाली बसून गार झाल्यावरच झाकण उघडा. त्याच दिवशी सगळी वापरली तर चवीत उणे काही राहणार नाही.

वेलची : पद्धतशीर कशी कुटावी

अर्धा किलोच्या मावा केकला मध्यम आकाराच्या आठ-दहा हिरव्या वेलच्या पुरतात. त्यांच्या दाण्यांची साधारण एक चहाचा चमचा पूड होते. वेलची घेताना हिरवी, भरलेली, टरफल न फुटलेली घ्या. पांढरी वेलची म्हणजे ब्लीच केलेली वेलची. ती दिसायला देखणी असते, पण तिचा वास उतरलेला असतो. मसाल्याचा मोठा काळा वेलदोडा धुरावर वाळवलेला असतो. तो आमटी-बिर्याणीचा, केकचा नव्हे.

सोलल्यावर दाणे बघा. काळसर, किंचित चिकट, एकमेकांना धरून बसलेले दाणे ताजे. फिकट, कोरडे, सुटे दाणे जुने. पावसाळ्यात दाणे सर्द होतात आणि बत्त्याखाली फुटण्याऐवजी चेपतात. अशा वेळी तवा तापवून गॅस बंद करा, त्यावर अख्ख्या वेलच्या मिनिट-दोन मिनिटे ठेवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग सोला. भाजायच्या मात्र नाहीत. आमटीचा मसाला भाजून घ्यायची आपल्याला सवय असते. केकमध्ये पुढे ओव्हनची धग लागणारच आहे, आधी भाजले तर तेल दोनदा उडेल.

दाणे खलात घातल्यावर वर दोन चमचे साखर घाला. पुरणासाठी, श्रीखंडासाठी आपल्या आया-आज्या वेलची साखरेबरोबरच कुटत आल्या. त्यात दोन फायदे आहेत. साखरेचे कण धारदार असतात, ते दाण्याला घासून पेशी फोडतात. आणि सुटलेले तेल कणांच्या अंगाला लागून राहते, हवेत कमी जाते. ही साखर केकच्या मापातूनच काढून घ्या, वेगळी नको.

सुरुवातीला दाणे उडतात. म्हणून डाव्या हाताच्या तळव्याने खलाचे तोंड झाकून आधी हलके ठोके द्या. दाणे फुटले की ठोकणे थांबवा आणि बत्ता भिंतीला लावून गोल गोल घोटा. कुटण्याने दाणा फुटतो, बारीक होतो तो घोटण्याने. नवीन माणसे इथेच चुकतात. ती शेवटपर्यंत ठोकत राहतात, हात दुखतो आणि पूड भरडच राहते. खल एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. चार-पाच मिनिटांत काम होते. मग बारीक चाळणीतून चाळा, वर राहिलेले पुन्हा घोटा.

टरफले टाकू नका. त्यांना दाण्यांइतका वास नसतो म्हणून केकमध्ये घालायची नाहीत, पण चहाच्या डब्यात ती आनंदाने राहतात.

किती बारीक करायचे ते पदार्थावर ठरते. नानकटाईत, मावा केकमध्ये वेलची बारीक हवी. पण स्वीडन आणि फिनलंडमध्ये वेलचीचे गोड पाव करतात, त्यांत ती मुद्दाम भरड ठेवतात. फिनलंडच्या पुल्ला नावाच्या वेणीदार पावाच्या कणकेत वेलचीचे काळे ठिपके दिसायलाच हवेत अशी तिथली रीत. भरड कणातले तेल भाजतानाही बरेचसे आत राहते आणि खाताना दाताखाली सुटते. वेलची आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या डोंगरांतली, आणि तिच्यावाचून गोड पाव पुरा न मानणारी माणसे बर्फाच्या देशात. दुधाचा पाव घरी करत असाल तर ही भरड वेलची एकदा जरूर घालून पाहा.

जायफळ : कुटू नका

जायफळ खलात घालू नका. त्यात उडून जाणाऱ्या तेलाबरोबर घट्ट स्निग्धांशही भरपूर असतो, साधारण चौथ्या हिश्शाहून जास्तच. बत्त्याखाली त्याची पूड होण्याऐवजी तेलकट चुरा होतो आणि तो खलाला चिकटतो. जायफळ किसावे, बारीक दातांच्या किसणीवर, थेट मिश्रणाच्या भांड्यावर धरून.

दुसरी पद्धत आपल्या घरातली आहे आणि केकसाठी ती मला जास्त आवडते. बाळाला द्यायचे जायफळ आपण सहाणेवर दुधात उगाळतो. केकच्या मापातलेच दोन चमचे दूध घ्या, सहाणेवर जायफळाचे पंधरा-वीस वळसे द्या आणि ते दूध मिश्रणात ओता. कण अजिबात लागत नाही, चाळायचे काम नाही आणि सुगंध दुधाच्या स्निग्धांशात उतरलेला असतो. देवाच्या चंदनाची सहाण मात्र वेगळी ठेवा. गोव्याच्या बेबिंकात नारळाचे दूध, अंड्यातला बलक आणि साखर यांच्या जोडीला जायफळ असते, आणि एकेक थर भाजून त्यावर पुढचा थर ओतायचा असतो. तिथे नारळाच्या दुधात उगाळलेले जायफळ प्रत्येक थरात सारखे पसरते.

जायफळाचे प्रमाण मात्र चिमटीतच ठेवा. सगळ्या केकला पाव चमचा पुष्कळ झाले. मोठ्या प्रमाणात जायफळ पोटात गेले तर गुंगी, मळमळ, छातीत धडधड असे त्रास होतात. हे औषधी फळ आहे, हे आपल्या घरांत पूर्वीपासून माहीत आहे.

दालचिनी : आधी ओळखा, मग कुटा

दालचिनी खलबत्त्यात कुटता येते का, याचे उत्तर तुमच्या डब्यात कोणती दालचिनी आहे त्यावर ठरते. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, लालसर तपकिरी साल मिळते, ती बहुतेक वेळा कॅशिया असते. तिची एकच जाड घडी असते आणि बत्त्याला ती दाद देत नाही. खरी दालचिनी, जिला सिलोनची दालचिनी म्हणतात, तिच्या कांडीत कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात. रंग फिकट मातकट, आणि बोटांनी दाबली तरी ती चुरते. हाताने कुटायची ती हीच.

ती श्रीलंकेतूनच यायला हवी असे नाही. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून हीच खरी दालचिनी घेतात, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही तिची जात विकसित केलेली आहे. त्याच विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जात आहे. कोकणात गेलात तर बागायतदाराकडून साल आणि जायफळ थेट घ्या. तोडणी कधी झाली ते विचारून घेता येते, हा पाकिटात न मिळणारा लाभ.

दोन दालचिन्यांत आणखी एक फरक आहे आणि रोज खाणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. कॅशियात कुमारिन नावाचा घटक बराच असतो, खऱ्या दालचिनीत तो नावापुरता. कुमारिन सतत जास्त प्रमाणात पोटात गेले तर काही माणसांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी धरली आहे. जर्मनीच्या अशाच संस्थेचा हिशेब सांगतो की ६० किलो वजनाच्या माणसाने रोज सुमारे २ ग्रॅम कॅशिया खाल्ली की ही मर्यादा गाठली जाते. म्हणजे सणावारी केलेल्या केकची चिंता नको. पण लहान मुलांना रोज दालचिनीचे बिस्किट देत असाल तर खरी दालचिनी वापरा.

कॅशियाच घरी असेल तर ती लहान तुकडे करून मिक्सरवर फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. वस्त्रगाळ केल्याशिवाय ती केकमध्ये वाळूसारखी लागते.

यीस्टच्या पावात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतले युजेनॉल यीस्टची वाढ रोखतात. ताज्या कुटलेल्या पुडीत ते जास्त असल्याने हा परिणामही जास्त जाणवतो. कणकेतच भरपूर दालचिनी मळली तर पाव नीट फुगत नाही आणि आपण यीस्टला दोष देत बसतो. म्हणून लाटलेल्या पोळीवर लोणी लावून, साखर-दालचिनी भुरभुरून, गुंडाळी करून रोल कापतात. दालचिनी मधल्या थरात राहते आणि यीस्ट आपले काम करते.

लवंग, मिरी, बडीशेप आणि सुंठ

लवंग कुटायला सोपी, पण ती अगदी बारीक हवी. केकमध्ये लवंगेचा एक तुकडा दाताखाली आला तर जीभ बधिर होते आणि पुढच्या घासाची चवच कळत नाही. म्हणून साखरेबरोबर घोटून चाळून घ्या. एका केकला दोन-तीन लवंगा पुरे. घेताना दोन-चार लवंगा पाण्यात टाकून पाहा. चांगली लवंग तळाशी बसते, तेल काढून घेतलेली तरंगते.

मिरीचे शास्त्र मजेदार आहे. तिचा वास उडणाऱ्या तेलाचा, पण तिखटपणा पिपेरिनचा, आणि पिपेरिन उडत नाही. म्हणून जुनी मिरपूड तिखट लागते, पण तिला वास नसतो. गुळाच्या केकमध्ये, आल्याच्या बिस्किटांत मिरी घालायची असेल तर आयत्या वेळी कुटा, म्हणजे तिखटाबरोबर वासही मिळेल.

बडीशेपेचे दाणे पातळ आणि ठिसूळ, दोन मिनिटांत भरड होतात. ती तेवढी तव्यावर किंचित शेकून घेतली तर चालते.

सुंठ मात्र खलबत्त्यात कुटायचा हट्ट धरू नका. ती दगडासारखी कडक आणि धागेदार असते. आधी बत्त्याने तुकडे करा, मिक्सरवर फिरवा, धागे काढून वस्त्रगाळ करा. एवढी खटपट नको असेल तर चांगल्या दुकानाची सुंठपूड थोडी थोडी आणा. सुंठेचा तिखटपणा मिरीसारखाच सहजासहजी उडणारा नसतो, त्यामुळे तिची पूड वेलचीच्या पुडीइतकी लवकर उतरत नाही.

केशर कुटायचे नसते, चुरायचे असते. स्वच्छ, कोरड्या खलात चिमूटभर साखरेबरोबर हलकेच घोटा आणि कोमट दुधात भिजवा. केशराचा रंग पाण्यात विरघळतो, लोण्यात नाही. म्हणून केशर दुधात आणि वेलची लोण्यात, असे साधे सूत्र ठेवा.

कुटलेला मसाला घालायचा कधी?

बहुतेक कृतींत मसाला मैद्यात चाळून घालायला सांगतात. तुम्ही कष्ट करून ताजा कुटला आहे, तर तो लोणी-साखर फेटतानाच घाला. मसाल्याची ही तेले स्निग्धांशात चांगली विरघळतात. लोण्याने ती एकदा धरली की त्यांचे उडणेही मंदावते आणि सुगंध प्रत्येक घासात सारखा पोचतो. नानकटाईत तूप फेसतानाच वेलचीसाखर घाला.

केकच्या आतला भाग ओलसर असतो, त्यामुळे ओव्हन १८० अंशांवर असला तरी आतले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून सुगंध बाहेरच्या सालीपेक्षा आत जास्त टिकतो. नानकटाई लहान आणि कोरडी, तिला धग सगळीकडून लागते. म्हणून तिच्यात वेलची हात किंचित सैल सोडून घालावी, केकमध्ये बेताने.

विकतच्या पुडीचे माप धरून लिहिलेली कृती असेल तर ताज्या पुडीचे प्रमाण पाऊण करा. आणि केक जमला तर दुसऱ्या दिवसासाठी थोडा राखून ठेवा. मसाल्याचा केक रात्रभर मुरल्यावर वास सगळीकडे सारखा होतो आणि चव गोलाईला येते.

पुडीवर अविश्वास का?

ताजेपणाखेरीज अख्खा मसाला घेण्याचे आणखी एक कारण आहे. अख्खी वेलची, जायफळ, दालचिनी डोळ्यांनी पारखता येते. पुडीत काय मिसळले आहे ते दिसत नाही. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत शिसे सापडले आणि तपासात ते त्यात घातलेल्या दालचिनीच्या पुडीतून आल्याचे निघाले. मुलांसाठी घरी बिस्किटे करणाऱ्यांनी हे विसरू नये.

शिवाय केक आणि मसाला यांचे नाते आपल्याकडे मुळापासूनचे आहे. आपल्या देशात नाताळच्या केकची सुरुवात कशी झाली याची एक गोष्ट सांगतात. केरळातल्या तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू यांच्या बेकरीत १८८३ साली मर्डॉक ब्राऊन नावाचे ब्रिटिश गृहस्थ विलायतेहून आणलेला प्लम केक घेऊन आले आणि असाच करून द्या म्हणाले. हे ब्राऊन जवळच्या अंजरकंडीच्या दालचिनीच्या मळ्याचे मालक. बापूंनी जवळच्या लोहाराकडून साचा घडवून घेतला, स्थानिक जिन्नस वापरले आणि केक पसंत पडला. आपल्याकडचा केक असा मसाल्याच्या मुलखात जन्मला. आपण त्या मुलखापासून एका रात्रीच्या प्रवासावर राहतो, मग वर्षभर जुनी पूड कशाला घालायची?

तुमच्या खलबत्त्याविषयी

पितळी खल कोरड्या मसाल्यांना उत्तम. आंबट किंवा ओले काही त्यात वाटू नका. लोखंडी असेल तर धुऊन लगेच कोरडा करा आणि तेलाचे बोट फिरवा. नवीन दगडी खल आणलात तर मूठभर तांदूळ त्यात पुन्हा पुन्हा वाटा. पीठ पांढरेशुभ्र निघेपर्यंत दगडाची कच जात असते, ती केकमध्ये नको. लसूण-मिरचीचा खल आणि गोडाचा खल वेगळे ठेवा. तेवढी सोय नसेल तर चमचाभर कोरडे तांदूळ कुटून टाकून द्या, बराचसा वास ते ओढून घेतात. लाकडी खल टाळा, लाकडात वास मुरतो आणि जात नाही.

आणि आता एक विनंती. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, घरीच पारख करा. नानकटाईचे पीठ एकदाच भिजवा, दोन भाग करा. एकात डब्यातली जुनी वेलचीपूड, दुसऱ्यात त्याच वेळी कुटलेली, मापाने सारखी. एकाच ताटलीत, एकाच वेळी भाजा आणि कोणती कुठली ते न सांगता घरच्यांपुढे ठेवा. त्यांचा कौल माझ्या चार पानांपेक्षा मोलाचा.

थोडक्यात सांगायचे तर वेलची, लवंग, मिरी आणि खरी दालचिनी कुटा, जायफळ किसा किंवा उगाळा, सुंठ आणि कॅशिया मिक्सरवर करा. अख्खा मसाला काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि पूड लागेल तेव्हा लागेल तेवढीच करा. पुढच्या वेळी बाजारात गेलात की वेलचीपुडीचे पाकीट न घेता पंचवीस ग्रॅम अख्खी वेलची घ्या. आणि आजेसासूबाईंचा तो खलबत्ता पुन्हा माळ्यावर ठेवू नका. त्याची जागा ओव्हनशेजारी आहे.